सुमंगलाचं अर्धं मिनिट

इब्रामपुरात महिनाभर एकच विषय चघळला जात होता. सुमंगला सिनेमात आली. आली म्हणजे किती, तर अर्धं मिनिट. नदीत उभं राहून कळशी भरायची आणि हसायचं, एवढंच काम. पण मिरवत अशी होती, जसा काही सिनेमा तिच्या एकटीच्या जिवावर चालणार.

शेवंतीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. शूटिंग झालं नेमकं त्याच दिवशी ती कारापूरला माहेरी बाळंत झाली. नाहीतर पाण्यात कोण उभं राहिलं असतं, हे काय सांगायला हवं? रंग, उंची, केस, काय कमी होतं तिच्यात? त्यात नवरा तसला. गुरुदास येता-जाता म्हणायचा, "सुमंगलावयनीला कॅमेरा शोभतो हां." एकदा जेवताना म्हणाला, तेव्हा शेवंतीने त्याच्यापुढची कढीची वाटी उचलून परत टोपात ओतली.

सिनेमा एकदाचा तयार होऊन आला, आणि मे महिन्यातल्या त्या शनिवारी वाड्यावरच्या पोरांनी तो दाखवायला देवळापुढच्या मोकळ्या मांडावर पडदा बांधला. दिवेलागणीला माणसं चटया, खुर्च्या घेऊन जमली. सुमंगला अबोली माळून पहिल्या रांगेत मधोमध. तिची खुर्ची गुरुदासने आणून ठेवली, वर स्वतःच्या टॉवेलने पुसली आणि शेजारीच बसला. शेवंती दीड वर्षाच्या गौरवीला घेऊन मागे चटईवर, प्रोजेक्टरपाशी. तिने सगळं पाहिलं, टॉवेलसुद्धा. आता काय वाट्टेल ते होवो, हिचं तोंड पडद्यावर दिसू द्यायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं.

पडद्यावर नदी आली तशी ती पोरीला कडेवर घेऊन प्रोजेक्टरसमोर उभी राहिली. तिची काळी सावली पडदाभर पसरली.

"खाली बस गो, शेवंती," पुढून कुणीतरी ओरडलं.

"पोरीला डास चावतायत," ती म्हणाली, आणि सावकाश चटई झटकत राहिली. बसली तेव्हा नदी केव्हाच संपली होती. तिला किती बरं वाटलं म्हणून सांगू! सुमंगला तर रडायच्या बेताला आली होती.

"थांबा वयनी, मागे घेतो," प्रोजेक्टर चालवणारा साईश म्हणाला.

"राहू दे रे, पुढचं बघूया," गुरुदास घाईघाईने बोलला. पण त्याचं ऐकतो कोण?

पुन्हा नदी आली. सुमंगला हसली, आणि मेली खरंच सुंदर दिसत होती. शेवंतीला बघवेना. तिने नजर काठावरच्या गर्दीकडे वळवली. तिथे गुरुदास उभा होता. निळ्या शर्टात, हसत, सुमंगलाच्या चपला हातात धरून.

त्या दिवशी त्याचा फोन आला होता. कंपनी सुट्टी देत नाही, दोन दिवसांनी येतो. कळा सोसत तिनेच त्याची समजूत काढली होती, काम टाकून येऊ नका म्हणून.

त्या दिवशी नदीवर सगळेच होते. सगळ्यांना ठाऊक होतं, एका शेवंतीला सोडून. गुरुदासने मान वळवली नाही.

शेवंतीने गौरवीचं तोंड पडद्याकडे केलं.

"साईशा, आणखी एकदा लाव," ती म्हणाली. "ही जन्मली तेव्हा हिचा बाप कुठे होता, ते हिला दाखवते."