मेंढीचं दावं

अपातुरिया सणाच्या तिसऱ्या दिवशी अथेन्समधले बाप आपली पोरं भावकीपुढे आणत. बापानं वेदीवर हात ठेवून, पोर आपल्या लग्नाच्या, इथल्याच बायकोचं आहे अशी शपथ घ्यायची, मेंढी कापायची, मटण वाटायचं, की पोर भावकीचं झालं. कुणाची हरकत असली, तर त्यानं मेंढी वेदीपासून ओढून न्यायची. मग ते पोर ना घरचं ना घाटाचं.

ख्रेमोनला खोकल्यातून रक्त पडत होतं. पुढचा सण काही त्याच्या नशिबात नव्हता. चार वर्षांच्या मुलाचं, अँड्रॉनचं नाव आज भावकीत लागलं नाही, तर घर, जैतुनाची झाडं, सगळं दुसऱ्याच्या घशात जाणार. पोराला त्याचं काय? लाडकी मेंढी कापणार म्हणून ते सकाळपासून रडत होतं.

समोर थोरला भाऊ एरातोन उभा होता. बारा वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात ख्रेमोननं त्याच्या मुलाची मेंढी ओढून नेली होती. वहिनी परकी आहे, अशी शपथ घेतली होती. धादांत खोटी. तो मुलगा परक्यांत मोजला गेला, जहाजावर वल्ही मारायला गेला आणि बुडाला. काय मिळवलं या गाढवानं? हातभर बांध.

एरातोननं पुढे येऊन दावं धरलं. ख्रेमोननं त्याचे गुडघे कवटाळले.

"दादा, पोराकडे बघ रे!"

"वहिनीबद्दल खरं काय ते बोल. सगळ्यांसमोर. लगेच सोडतो."

"खोटं बोललो मी! वहिनी इथलीच, अस्सल!"

एरातोनचे डोळे भरून आले. त्यानं दावं सोडलं. "माझं झालं. काप मेंढी."

ख्रेमोननं घाईघाईनं वेदीवर हात ठेवला.

"हात काढ," भावकीचा म्होरक्या पाम्फिलोस म्हणाला. "याच दगडावर खोटं बोललास, आत्ताच कबूल केलंस. याची आई तुझी लग्नाची बायको, हे कुणाच्या शब्दावर मानायचं?"

लग्नाला आलेल्या सगळ्यांना साथीनं नेलं होतं. ख्रेमोन भावाकडे वळला.

"दादा, तू तरी सांग ना!"

"काय सांगू? बारा वर्षं तुझ्या दारात पाय ठेवला नाही मी."

पाम्फिलोसनं स्वतः दावं उचललं आणि मेंढी वेदीपासून चालवत नेली. अँड्रॉन टाळ्या पिटत तिच्यामागं धावला.

"बाबा, वाचली! आपली मेंढी वाचली!"