टोकाला चढलेला झेंडा

आमच्या स्टेशन रस्त्यावर कुणी वारलं की दारोदारचे झेंडे अर्ध्यावर उतरायचे आणि माती देऊन झाली की पुन्हा टोकाला चढायचे. आज थोरवाल्ड सिग्नलवाल्याला माती दिली, तर अख्ख्या रस्त्यात झेंडा एकच, माझा. दुसरं राहतंय कोण इथे? रूळ उखडून सायकलींची वाट केली, तेव्हाच गाव उठलं. उरलो होतो आम्ही दोघं. पाद्रीसुद्धा शेजारच्या गावातून आलेला, सारखा घड्याळ बघत होता मेला.

घरी येऊन मी दोरी ओढली, झेंडा टोकाला नेला. तेवढ्यात समोर गाडी थांबली. कोपनहेगनच्या एका माणसाने आमचं स्टेशन विकत घेतलंय, सुट्टीत राहायला. थोरवाल्ड जिथे सिग्नलच्या दांड्या ओढायचा, तिथे हा वाइन पितो. झेंडा बघून तो तोंडभर हसला. वाढदिवसालाही आम्ही असाच टोकाला लावतो ना!

"काय आस्ता आजी, वाढदिवस वाटतं? अभिनंदन!"

याला काय सांगायचं, कप्पाळ?

"हो," मी म्हटलं.

"आधी सांगायचं नाही का! पुढच्या खेपेला मला नक्की बोलवा हं."

"तुम्हीच या," मी म्हटलं. "दोरी ओढायला कुणीतरी लागेलच."