न हलवलेला फिंजान

पाशांनी पहिल्याच फिंजानानंतर हात हलवला.

दैफल्लाच्या डाव्या हातातली पितळी किटली ओतण्यासाठी कलती झाली होती, ती तशीच राहिली. कॉफी संपली की रिकामा फिंजान, तो बिनकानाचा छोटा पेला, मनगटातून दोनदा हलवायचा म्हणजे 'बास'. न हलवता पुढे केला, तर ओतणाऱ्याने ओतत राहायचं. हे अम्मानात पोरासोरांनाही कळतं. पण अबू रकान पाशा अकरा महिने पंतप्रधान होते आणि या अकरा महिन्यांत तीन फिंजान पोटात गेल्याशिवाय त्यांनी कधी हात हलवला नव्हता.

"आज एवढीच, पाशा?"

"आज एवढीच, अबू नायेल." दैफल्लाला ते असंच, थोरल्या नायेलचा बाप म्हणून, हाक मारत. त्यांनी मान वर केली नाही. समोर जाड कागद होता, राजीनाम्याचा.

दैफल्लाला लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण हा कागद त्याला वाचावा लागत नसे. सव्वीस वर्षांत हे त्याचे नववे पंतप्रधान. एकाला वेलदोडा जास्त लागायचा, एकाला अजिबात खपत नसे. एकाने चक्क साखर मागितली होती आणि दैफल्लाने ती गोष्ट घरी बायकोलाही सांगितली नव्हती, इतकी त्याला लाज वाटली होती. सगळे आले आणि सगळे गेले. जाताना प्रत्येकाच्या टेबलावर हा जाड कागद आला. आजवर दैफल्लाला त्याचं सुखदुःख नव्हतं. नवा माणूस येईल, नवी चव शिकू, एवढंच तो म्हणायचा.

पण आज गुरुवार होता, आणि आज तिसऱ्या प्रहरी पाशा त्याच्यासाठी मादब्याजवळच्या एका गावात जाणार होते.

दोन महिन्यांपूर्वी दैफल्लाच्या थोरल्याने, नायेलने, भाजीची गाडी मागे घेताना एका माणसाला चिरडलं. मुरहफ त्याचं नाव. वय बावीस, टायरची पंक्चरं काढायचा. जागच्या जागी गेला. अपघात होता, हे सगळ्यांना मान्य होतं. पण रक्त ते रक्त. नायेल कोठडीत होता, गुन्ह्यापायी कमी आणि जिवाच्या काळजीपायी जास्त. दैफल्लाच्या भावाच्या दुकानाच्या काचा दोनदा फुटल्या होत्या. मोठ्या मिनतवारीने दोन्ही घराण्यांत सबुरीची मुदत ठरली. ती आज सूर्य मावळताना संपत होती. त्याआधी सुलूख, म्हणजे दोन घराण्यांचा समेट, झाला तर नायेल घरी येणार. नाही झाला, तर मुरहफच्या चुलतभावांना कुणी अडवणार नव्हतं.

सुलुखासाठी मुरहफच्या बापाची एकच अट होती. पैशाचं नावही त्याने काढू दिलं नव्हतं. "या देशाचा पंतप्रधान माझ्या दारात येऊ दे आणि माझ्या पोराचं नाव घेऊ दे. मग बोलू."

लोक हसले होते. पण तीन आठवड्यांपूर्वी ओतताना दैफल्लाने कॉफी फिंजानाबाहेर सांडली, पाशांनी का म्हणून विचारलं, आणि सगळं ऐकून म्हणाले, "गुरुवारी येतो. तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर. मादब्याच्या फाट्यावर तुम्ही थांबा."

आता त्या शब्दाची आठवण करून द्यायची कशी? ज्याचं घर जळतंय त्याच्याकडे विडीला विस्तव मागू नये, एवढी रीत दैफल्ला जाणून होता. त्याने फिंजान उचलला आणि तो बाहेर आला.

स्वयंपाकखोलीत मुनीफ वाट पाहत उभा होता. कचेरीचा व्यवस्थापक. दर नव्या पंतप्रधानाबरोबर याचं मत बदलायचं आणि नोकरी टिकायची.

"गेले रे तुझे पाशा! बारा वाजता राजवाड्यात. दोनच्या बातम्यांत सांगतील."

"कळलं."

"तुला कसं कळलं?"

"एकच फिंजान घेतला."

मुनीफने त्याचा दंड धरला. "ऐक माझं. तुझी आजची गोष्ट मला ठाऊक आहे. नवे साहेब चारला शपथ घेतायत. त्यांचा मेहुणा आणि मी एका वर्गात होतो. मी शब्द टाकतो. शपथ झाली की तिथूनच पाच मिनिटं तिकडे. फोटोही निघतील, त्यांनाही बरंच. फक्त पाशांना येऊ नका म्हणून सांग. दोघं एका दारात नकोत."

दैफल्लाने किटली विस्तवाशेजारी ठेवली. हे सोपं होतं.

"पाशांनी शब्द दिलाय मुनीफ. त्यांनी परत घेतलेला नाही."

"अरे, कोणी दिला? पंतप्रधानाने! आहे का आता तो?"

"मी परत घेऊ का मग? माझा होता का तो?"

"बस तसाच!" मुनीफ चिडला. "मुलापेक्षा तुला मान मोठा झालाय."

बाराला पाच कमी असताना सगळी कचेरी व्हरांड्यात रांगेने उभी राहिली. पाशा एकेकाचा हात हातात घेत आले. दैफल्लापाशी आले तेव्हा म्हणाले, "अल्ला तुझ्या हाताला बरकत देवो." बाकी काही नाही. गुरुवार नाही, फाटा नाही, मुरहफ नाही. ते जिना उतरले आणि सरकारी गाडीत बसले.

घरी बायको, उम्म नायेल, दाराशीच उभी होती. तिच्या मागे रेडिओ चालू होता आणि चुलत्यांतले वीस-बावीस पुरुष ओसरीवर बसले होते, धुतलेल्या कपड्यांत, मान खाली घालून. दोनची बातमी सगळ्यांनी ऐकली होती.

"मुनीफचा फोन आला होता," उम्म नायेल म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात म्हणे. खरं?"

"खरं."

"का?" तिचा आवाज चिरकला. "मला सांगा ना, का? गेलेला पंतप्रधान काय कामाचा? त्याला स्वतःची खुर्ची राखता आली नाही, तो माझा नायेल राखणार? तुमच्या त्या किटलीची शपथ आहे तुम्हाला, आत्ता फोन करा!"

दैफल्लाने खुंटीवरचा काळा अंगरखा चढवला. हाजी सत्ताम हे घराण्यातले सगळ्यांत वडील. ते काठी टेकत उठले. "मुदत वाढवून मागायलासुद्धा मोठा माणूस लागतो, आणि तो आपल्याजवळ नाही. चला. जे आहे ते घेऊन जाऊ."

फाट्यावरच्या पेट्रोलपंपाशी चार गाड्या उभ्या राहिल्या. सव्वातीन झाले. साडेतीन. वारा सुटला होता आणि रस्त्यावरची धूळ सगळ्यांच्या काळ्या अंगरख्यांवर बसत होती. कोणी दैफल्लाकडे बघत नव्हतं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आपण म्हणालो होतो, नाही येणार," आणि हाजींनी त्याला काठीनेच गप्प केलं. दैफल्ला अम्मानकडच्या चढावर नजर लावून होता. काळी लांबलचक गाडी, पुढे दोन मोटारसायकली. गेल्या नऊ पंतप्रधानांच्या गाड्या त्याने तशाच पाहिल्या होत्या. तशी गाडी आली नाही. पावणेचारला हाजींनी "बिस्मिल्ला" म्हटलं आणि गाडीचं दार उघडलं.

तेवढ्यात एक जुनी तपकिरी गाडी पंप ओलांडून पुढे गेली, कचकन थांबली आणि वेडीवाकडी मागे आली. चालवणारा माणूस काच खाली करत होता आणि ती अर्ध्यात अडकली होती.

"माफ करा," पाशा त्या फटीतून म्हणाले. "बायकोची गाडी आहे. कितीतरी वर्षांत हातात चाक धरलं नव्हतं. दोनदा रस्ता चुकलो."

ते दार उघडून उतरले, तसा दैफल्ला पुढे झाला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

"बास, बास. रडायला वेळ नाही," पाशा म्हणाले. त्यांनी अंगरखा नीट केला. "तो पोरगा मुरहफ. बापाचं नाव जदआन. आजोबांचं पुन्हा सांग, तेवढं विसरलो."

जदआनच्या दारात काळा तंबू उभारला होता. एका बाजूला त्यांचे लोक, एका बाजूला यांचे, मध्ये सतरंजीचा रिकामा पट्टा. मुरहफचे चुलतभाऊ बसले नव्हते. हाताच्या घड्या घालून खांबांशी उभे होते. घराच्या खिडकीचा पडदा किंचित बाजूला होता. आत मुरहफची आई असावी.

कॉफी घेऊन स्वतः जदआन आला. खाणीत दगड फोडून खांदे एका अंगाला झुकलेला म्हातारा. दैफल्लाची नजर आपोआप त्याच्या हातांवर गेली. किटली उजव्या हातात होती आणि फिंजान डाव्यात. उलटं. कचेरीत कोणी असं धरलं असतं तर दैफल्लाने त्याला हाकलून दिलं असतं.

मागणं घेऊन आलेला माणूस ते मान्य होईपर्यंत कॉफी पीत नाही. पाशांनी फिंजान घेतला आणि समोर सतरंजीवर ठेवला. हाजींनी ठेवला, दैफल्लाने ठेवला, सगळ्यांनी ठेवले. बावीस फिंजान जमिनीवर.

"आम्ही पंतप्रधान मागितला होता," खांबापासचा एक जण म्हणाला. "हा कोण आणलात? रेडिओ आमच्याकडेही आहे."

हाजींनी डोळे मिटले. पाशा उठून उभे राहिले.

"बरोबर बोललास, बेटा. सकाळी होतो, आता नाही. नवाच हवा असेल तर मुदत एक दिवस वाढवा, मी उद्या त्याच्या दारात जाऊन त्याला विनवतो. येईलही तो. पण मी येतो म्हणालो होतो, ते खुर्ची म्हणाली नव्हती. म्हणून आलो."

जदआनने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो दैफल्लासमोर येऊन उभा राहिला, किटली अजून उजव्याच हातात.

"तू त्याच कचेरीत असतोस. तुझ्याच हातची कॉफी पितात ना सगळे? मग नवा का नाही आणलास? तुझ्या पोराच्या जिवाची गोष्ट होती."

"आणता आला असता," दैफल्ला म्हणाला. मागे त्याच्या चुलत्यांत चुळबूळ झाली. ही गोष्ट इथे सांगायची नव्हती. "येतो म्हणत होते. फोटोवालेही आणणार होते."

"मग?"

"त्यांना मुरहफ कोण ते ठाऊक नव्हतं. ह्यांना आहे." त्याने पाशांकडे हात केला. "तीन आठवडे रोज सकाळी कॉफी ओतताना मला विचारायचे, त्या पोराची आई कशी आहे? काही खाते का? मी तुमच्या गावच्या बेकरीवाल्याला फोन करून विचारायचो आणि त्यांना सांगायचो. माझ्या नायेलबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. तुमच्याच पोराबद्दल विचारायचे. म्हणून नवा नाही आणला."

खिडकीचा पडदा हलला.

पाशा मग जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी मुरहफसाठी आलोय. मुरहफ, जदआनचा मुलगा, फवाझचा नातू. बावीस वर्षांचा कष्टाळू पोरगा. त्याचं रक्त आमच्या अंगावर आहे आणि ते आम्ही नाकारत नाही."

सूर्य तंबूच्या दोरांखाली आला होता. चुलतभावांतला एक जण काही बोलायला पुढे झाला, त्याला म्हाताऱ्याने नुसता हात दाखवला.

"दोन महिने झाले," तो म्हणाला, "लोक 'तो मेला तो' म्हणतात. 'गाडीखाली आला तो.' नाव कोणी घेत नाही. ह्याचं स्वतःचं आज काय गेलंय ते सगळ्या देशाला ठाऊक आहे, आणि हा आजोबाचं नाव पाठ करून आलाय." त्याने मान वळवली. "कॉफी प्या. ज्यासाठी आलात ते दिलं."

हाजी सत्ताम मोठ्याने अल्लाचं नाव घेऊन रडू लागले. बावीस हात खाली गेले. दैफल्लाचा फिंजान गार झाला होता. गार झालेली कॉफी त्याने सव्वीस वर्षं मोरीत ओतली होती. ही त्याने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

म्हातारा पुन्हा सगळ्यांना ओतत निघाला. एकेक जण पिऊन, फिंजान हलवून, परत देत होता. शेवटी तो दैफल्लापाशी आला. दैफल्ला त्याच्या हातांकडे बघत होता, ते त्याच्या लक्षात आलं.

"मला जमत नाही हे," जदआन हळू आवाजात म्हणाला. "या घरात हे काम मुरहफचं होतं."

त्याने उजव्या हातानेच ओतली. थोडी दैफल्लाच्या बोटांवर सांडली. दैफल्लाने ती प्यायली आणि फिंजान पुढे केला. जदआनने पुन्हा ओतली. तीही संपली. आता हलवायचा, ही रीत होती. सगळे उठू लागले होते, पाशा चपला शोधत होते, कोणी तरी नायेलच्या सुटकेचा कागद घेऊन फौजदाराकडे धावलंही होतं.

दैफल्लाचं मनगट काही हलेना. त्याने फिंजान तसाच पुढे धरला, आणि म्हातारा ओतत राहिला.