आम्रपालीच्या नावाची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. साधीसुधी नव्हे, लाल मखमलीची, सोनेरी हातांची. आणि माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा मध्ये बोलू नका.

माझा जन्म भवानी पेठेतल्या एका सुताराकडे झाला. मार्केट यार्डाजवळच्या सुखदेव मंडपवाल्यांनी मला विकत घेतलं. पुण्यातल्या लग्नांत मी पुष्कळ व्याही सांभाळले. व्याही रुसतात, जेवणाला नावं ठेवतात, पण निदान येतात तरी!

मग आयटीचे दिवस आले, शहरात पैसा खुळखुळू लागला. एका वर्षी हिंदी चित्रपटांचा पुरस्कार सोहळा चक्क पुण्यात झाला. आम्हा खुर्च्यांची टेम्पोभर वरात तिकडे गेली. मला पहिल्या रांगेत मांडलं. वाटलं, जन्माचं सार्थक झालं. कसलं डोंबलाचं सार्थक!

माझ्यावर येऊन बसली आम्रपाली. येरवड्याची मुलगी, चित्रपटांचं संकलन करणारी. म्हणजे चित्रित झालेले तुकडे कापून-जोडून त्यांचा सिनेमा करणारी. तिला नामांकन होतं आणि निमंत्रणावर माझाच नंबर होता. शेजारी तिची आई हिराबाई, ठेवणीतली साडी नेसून.

"तुला स्टेजवर बघायचं, एवढ्यासाठीच आले गं मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तेवढ्यात कानात वायर घातलेला एक संयोजक आला. "मॅडम, प्लीज उठा. ही रांग स्टार्सची आहे."

"अहो, पण माझं नामांकन आहे."

"टेक्निकलचं ना? ते टीव्हीवर दाखवत नाहीत. मागे बसा."

दोघींना दोरीपलीकडे शेवटच्या रांगेत धाडलं. आणि ज्या नटासाठी उठवलं, तो आलाच नाही! आपल्याला पुरस्कार नाही असा सुगावा लागला की ही मंडळी फिरकत नाहीत म्हणे.

पण कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची दिसली तर सोहळ्याची अब्रू जाते. त्यासाठी, रिकाम्या जागी बसवायला, आयटी कंपन्यांतली पोरं आधीच आणून ठेवलेली असतात. त्यांतला सौरभ माझ्यावर बसला, भाड्याचा कोट घालून. "काही झालं तरी उठायचं नाही, फक्त टाळ्या," अशी त्याला ताकीद होती.

आणि नाव पुकारलं गेलं. आम्रपालीचंच!

ती मागून धावत निघाली. दोरीपाशी रखवालदाराने तिला अडवलं. निवेदकाने पहिल्या रांगेत पाहिलं, ती दिसली नाही. "त्या आज येऊ शकल्या नाहीत," तो म्हणाला. "त्यांच्या वतीने निर्माते पुरस्कार घेतील." निर्माते टुणकन उठले.

"अहो, आलीय ती! ही काय, इथे उभी आहे!" हिराबाई ओरडली. त्या ढणढणाटात कोण ऐकतो? सौरभने मात्र वळून पाहिलं. त्याला सगळं कळलं. तरी तो टाळ्या वाजवतच राहिला. माझे सोनेरी हात हलते ना, तर त्या संयोजकाच्या कानाखाली जाळ काढला असता!

कार्यक्रम संपला. पुरस्कार निर्मात्यांच्या गाडीतून निघून गेला. रिकाम्या मांडवात हिराबाई लेकीला हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आली.

"बस गं. तुझीच जागा आहे. इथे तरी बघू दे मला तुला."

आम्रपाली माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "नको आई. कोणीतरी येऊन उठवेल."

आता माझी मखमल फाटलीय, एक पाय लुळा झालाय. गोदामाच्या कोपऱ्यात भंगारवाल्याची वाट बघत पडलेय. लोकहो, रिकाम्या खुर्चीची एवढी कसली लाज वाटते तुम्हाला? जिची आहे तिच्यासाठी राहू द्या की रिकामी! त्या रात्री शेवटी ती पोर पुन्हा घटकाभर जरी टेकली असती, तरी मी भंगारातसुद्धा ताठ मानेने गेले असते.