उपवासाला हसणारा माणूस

सिडकोतल्या व्यंकटरावांच्या घरात अलीकडं उपवासाचा दिवस उजाडला की सगळ्यांना हायसं वाटायचं. एरवी माणसं उपवासाला कावतात, चहाचे कप वाढवतात, चंद्र उगवला का म्हणून गच्चीत खेपा घालतात. इथं सगळं उलटंच. संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीची बशी पुढ्यात आली की व्यंकटराव पेपरातली एखादी बातमी मोठ्यानं वाचून खदखदा हसायचे, कुंपणावरच्या मांजरीला ‘या मॅडम’ म्हणायचे, आणि भानुमतीबाई ओट्याशी उभ्या राहून मनातल्या मनात म्हणायच्या, चला, आजच्यापुरता तरी माझा नवरा घरी आला.

बाकीच्या दिवशी घरात वावरायचा तो माणूस कोण, हे त्यांना कळत नव्हतं.

तसं पाहिलं तर व्यंकटराव म्हणजे गरीब गाय. सरकारी कचेरीत जन्म काढला, पण शिपायावर कधी आवाज चढवला नाही. निवृत्तीनंतर साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, दिवाळीनंतर त्या वाढल्या. आणि त्याच सुमाराला फोनमधल्या व्हिडिओत एक ‘सर’ भेटले. दंडात बेटकुळ्या आणि तोंडात सदा ‘कार्ब’. भात, पोळी, भाकरी, बटाटा, केळं, सगळे शत्रू. व्यंकटरावांनी दुसऱ्याच दिवशी पिठाच्या डब्याला हात जोडले. पनीर आलं, शेंगदाणे आले, भाजीवर तुपाची धार आली. फ्लॉवर किसून परतायचा आणि त्याला भात म्हणायचं, असंही ठरलं.

“ह्याला भात म्हणायचं तर मला महाराणी म्हणा,” भानुमतीबाई म्हणाल्या.

“महाराणी, वाढा,” व्यंकटराव म्हणाले. तेव्हा ते अजून हसत होते.

वजन उतरलं, खोटं कशाला बोला. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. घरातल्या यंत्रावर सकाळची साखर अशी उतरली की त्यांनी आकड्याचा फोटो काढून सरांच्या ग्रुपवर टाकला. शेजारचे विचारायला लागले, काय करता म्हणून. भानुमतीबाईंनी एकदा सुचवून पाहिलं, “अहो, डॉक्टरांना तरी सांगा, खाणं बदललंय म्हणून.”

“त्यांना काय सांगायचं? पुढच्या खेपेला रिपोर्टच समोर ठेवतो.”

गोळ्या मात्र इमानेइतबारे दोन्ही वेळ चालू. वरून आदेश आल्याशिवाय चालू गोष्ट बंद करायची नाही, ही कचेरीची सवय. फक्त उपवासाला गोळी नाही. उपवासाच्या दिवशी औषधही तोंडात घालायचं नाही, हा त्यांच्या आईचा नेम होता आणि तो त्यांनी आजवर मोडला नव्हता.

“बाबा, साबुदाणा म्हणजे नुसता कार्ब की!” मुलगा चिन्मय एकदा म्हणाला.

“तो देवाचा भाग आहे. त्यात सरांनी पडू नये.”

या सगळ्यात जर कुणी मुकाट्यानं दुखावलं गेलं असेल तर ती सून, तनुजा. वैजापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. ती आणि चिन्मय शेंद्र्याला एकाच कंपनीत. लग्नाचं निघालं तेव्हा ‘आमच्यात’ आणि ‘तुमच्यात’ हे दोन शब्द नातेवाइकांत फार फिरले होते. व्यंकटरावांनी एकेकाला फोन करून गप्प केलं. लग्नानंतर तनुजानं पहिल्यांदा ज्वारीच्या भाकरी थापल्या, त्या दिवशी पैठणच्या आत्या मुक्कामाला होत्या. थापण्याचा आवाज ऐकून आत्यांनी नाक मुरडलं. व्यंकटरावांनी पहिला घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, “भानू, इतकी वर्षं तू मला फसवलंस.” मग उठून स्वतःच्या हातानं आत्यांच्या ताटात भाकरी वाढली.

तेव्हापासून सासऱ्या-सुनेचा एक रिवाजच पडला. बोलणं तसं बेताचं. पण संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसायचे, ती तव्यावरून भाकरी थेट ताटात टाकायची.

“फुगली का?”

“फुगली की, बाबा!”

एवढ्यावर दोघांचं भागायचं.

आता ती खुर्ची टीव्हीपुढं गेली होती. तनुजानं एकदा पोळ्या लाटता लाटता सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, माझं काही चुकलं का?”

“तुझं काय चुकायचंय? त्यांच्या सरांचं चुकलंय.”

पण भानुमतीबाईंनाही काही सुधरत नव्हतं. दुपार कलली की व्यंकटरावांचा चेहरा पांढराफटक पडायचा. कपाळावर घाम, हात थरथरायचे, आणि मग कशावरूनही भडका. नळ टपकतो म्हणून, फोन वाजला म्हणून, फोन वाजला नाही म्हणून. सर म्हणत, जुनं विष बाहेर पडतंय. भानुमतीबाईंना वाटायचं, पडतंय ते बरोबर आमच्याच अंगावर.

उपवासाचं गणित त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी आपल्या परीनं इलाज सुरू केला. घरात संकष्टी आणि एकादशी होतीच. त्यांनी सोमवार आणला. मग शनिवार.

“सासूबाई शनिवार करायच्या. मी विसरूनच गेले होते.”

“आई? शनिवार?”

“करायच्या की. तुम्ही कचेरीत असायचात.”

सासूबाईंनी जन्मात शनिवार केला नव्हता. शनिवारी त्या पोटभर जेवून दुपारी घोरायच्या. भानुमतीबाईंनी त्यांच्या फोटोला मनोमन हात जोडले आणि भगर भिजत घातली. उपवासाच्या दिवशी घर शांत राहायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपण एवढं करतोय ते औषध आहे की नुसतं झाकण, हा विचार त्यांना शिवायचा. पण झाकणानं का होईना, वाफ अडत होती.

मग व्यंकटरावांनीच वजनकाट्यावर उभं राहून निकाल दिला. “तुझ्या शनिवारानं माझं वजन वाढलं, भानू. आता संकष्टी-एकादशी सोडून सगळं बंद.”

त्याच आठवड्यात तनुजाच्या वडिलांनी, तिच्या दादांनी, नव्या ज्वारीचं पोतं पाठवलं. तनुजा कंपनीतून आली, हातपाय धुऊन भाकरी थापायला बसली. चिन्मय हात धुवायला आत गेला, बाकीचे टेबलावर बसले तेव्हा तिनं त्यांच्या ताटात, पनीरच्या कडेला, एक चतकोर ठेवला.

“नको म्हणून सांगितलंय ना?” व्यंकटराव म्हणाले.

“चतकोरच आहे, बाबा. नवी ज्वारी आहे, दादांनी मुद्दाम तुमच्यासाठी—”

“एकदा सांगून कळत नाही का?” आवाज असा चढला की चिन्मय हात धुता धुता आतून ओरडला, काय झालं? “तुमच्यात पाटीभर भाकरी खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नसेल. आमच्यात तसं नसतं!”

आणि ताट ढकललं. ते टेबलावरून सरकून खाली गेलं. पनीरचे तुकडे फरशीभर झाले, भाकरीचा चतकोर दाराशी जाऊन पडला.

तनुजा उठली. तिनं चतकोर उचलला, कपाळाला लावला, जसा काही विस्तव न्यावा तसा ओढणीत धरून आत नेला. आतून तिचा एकच शब्द आला, “बरं.”

त्यानंतर ती टेबलावर आली नाही. घरात भाकरी होईनाशी झाली. दोघं उशिरा यायची, खोलीत जेवायची. चिन्मयनं सांगितलं ते फ्रिजकडं बघून. “चिकलठाण्याकडं एक फ्लॅट आहे. रविवारी बघायला जातोय, आई. कंपनीला जवळ पडेल.”

“कंपनी काय आज लांब गेली?”

त्यानं फ्रिज उघडला आणि पुन्हा लावला. भानुमतीबाईंनी मनाशी हिशेब केला. रविवार गेला की मुलगा-सून गेली, आणि ती गेली की या घरात उरणार फ्लॉवरचा भात आणि हा घामेजलेला, परका माणूस.

गुरुवारी संध्याकाळी त्या नवऱ्याला ओढून गारखेड्याला गजानन महाराजांच्या दर्शनाला घेऊन गेल्या. मागायचं ते मागून झालं. प्रसादाच्या साखरफुटाण्यांची पुडी त्यांनी पर्समध्ये टाकली आणि स्कूटरवर मागं बसल्या.

सेव्हन हिलच्या सिग्नलला गाडी थांबली. दिवा हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले. स्कूटर हलेना.

“अहो, चला की.”

व्यंकटराव समोर बघत होते. शर्ट पाठीला चिकटला होता.

“ओ काका, सो गए क्या?” मागचा रिक्षावाला ओरडला.

भानुमतीबाई उतरून पुढं आल्या. नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांनी हँडल घट्ट धरलं. त्या चेहऱ्यावर ओळखच नव्हती. त्यांच्याकडं टक लावून व्यंकटराव लहान पोरासारखं म्हणाले, “आई, आपलं घर कुठंय?”

रिक्षावाला हॉर्न सोडून धावत आला. दोघांनी मिळून त्यांना धरलं, स्कूटर कडेला घेतली, फुटपाथवर बसवलं. पर्समध्ये पाणी नव्हतं, बिस्किट नव्हतं. होती ती पुडी. भानुमतीबाईंनी मूठभर साखरफुटाणे तोंडाशी नेले तर व्यंकटरावांनी ओठ घट्ट मिटून मान फिरवली. “साखर आहे,” दातांतून म्हणाले. सगळं विसरले होते, सर विसरले नव्हते.

“साखर नाही, प्रसाद आहे,” भानुमतीबाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच सासूबाईंचा वाटला. “प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. तोंड उघडा.”

तोंड उघडलं. दाढांखाली फुटाणे कुरकुर वाजले. आणखी एक मूठ. मग आणखी एक. हळूहळू डोळ्यांत माणूस परतला. त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, रिक्षावाल्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “भानू, आपण इथं का बसलोय?”

रिक्षा तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“गोळीचं काम साखर खाली ओढायचं. ताटातली साखर तुम्ही आधीच काढून टाकली. मग गोळी ओढणार कुणाला? तुम्हालाच. खाणं कमी करायला माझी ना नाही, आकडे सुधारलेत तुमचे. पण मला सांगून करायचं ना, मी गोळी उतरवली असती.”

“आणि उपवासाला बरे असायचे ते?” भानुमतीबाईंनी भीत भीत विचारलं.

“गोळी नाही आणि वर साबुदाणा. त्या दिवशी साखर चढत असणार, खाली जायचा प्रश्नच नाही. तेही काही चांगलं नाही, काकू.” त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, जेवणात अर्धी भाकरी घालून दिली. निघताना म्हणाले, “साखर उतरली की माणूस चिडतो, भांडतो, वेड्यासारखं बोलतो. मनावर घेऊ नका.”

भानुमतीबाईंनी ते वाक्य पदरात बांधून घरी आणलं. आल्या आल्या तनुजाच्या खोलीत गेल्या. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. भानुमतीबाईंनी सिग्नलपासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगितलं. “ते बोलले ते त्यांचे शब्द नव्हते गं. साखर उतरली होती.”

तनुजा घाबरून उभी राहिली होती. “आता बरे आहेत ना? जेवले का?” तिनं विचारलं. मग पुन्हा खाली बसली. हातातली घडी तशीच राहिली.

“आई, चिडले ते कळलं मला. ताट ढकललं, तेही कळलं. पण ‘तुमच्यात’ अन् ‘आमच्यात’? माझ्या दादांनी त्या ज्वारीचं पोतं स्वतः लई हौसेनं निवडून भरलं होतं, आई. साखर उतरली म्हणून आत नसलेलं बाहेर येतं का?”

“मला माहीत नाही गं,” भानुमतीबाई म्हणाल्या. खोटं बोलायची सगळी हौस त्यांनी सासूबाईंच्या शनिवारात संपवली होती.

बाहेर व्यंकटराव नव्या गोळ्यांची पाकिटं लावत बसले होते. भानुमतीबाई समोर बसल्या. “त्या दिवशी तनुजाला काय बोललात, आठवतं?”

“नाही. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना तू?”

“ऐकलं. पण मी तुमच्या समोर बसले होते. बोलून झाल्यावर तुम्ही पहिल्यांदा दाराकडं बघितलंत. चिन्मयनं ऐकलं का म्हणून.”

व्यंकटराव पाकीट उलटसुलट करत राहिले. शुक्रवार असा गेला की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक सुद्धा आगाऊ वाटावी.

शनिवारी संध्याकाळी तनुजानं स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ काढलं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, दुसरं काही नाही, असा तिचा चेहरा होता. भानुमतीबाईंनी नवऱ्याच्या बोटाला सुई टोचून यंत्र पाहिलं. आकडा चांगला होता. त्या आत आल्या आणि मागून फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. व्यंकटराव दारात येऊन बसले.

“तनुजा.”

तिचा हात परातीत थांबला नाही.

“मला आठवतंय. सगळं आठवतंय. साखरेवर ढकलून मोकळं होता आलं असतं, दोन दिवस तेच करत होतो.” ते परातीकडं बघत होते. “लग्नाच्या वेळी मी सगळ्यांना गप्प केलं. स्वतःला करायचं राहून गेलं, पोरी.”

थापण्याचा आवाज मंदावला. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

“आम्ही उद्या फ्लॅट बघायला जाणार आहोत, बाबा.”

“जा.”

“आवडला तर घेणार.”

“घ्या.” मग तिच्याकडं बघून म्हणाले, “मला दाखवाल का?”

तनुजानं भाकरी विस्तवावर उलटली, शेकली, मधोमध मोडली आणि अर्धी त्यांच्या ताटात ठेवली.

“फुगली नाही आज,” ती तव्याकडं बघत म्हणाली. “लक्ष नव्हतं माझं.”

“चालेल.”

त्यांनी घास मोडायला घेतला आणि भानुमतीबाईंना दिसलं, हात थरथरतोय. त्या चटकन साखरेच्या डब्याकडं वळल्या, झाकण उघडलं. मग त्यांना आठवलं, आत्ताच तर पाहिला होता आकडा, चांगला होता. त्यांनी झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवून दिला.