भिंतीवरची खुर्ची

आमच्या ओवे गावात तेव्हा खुर्ची एकच होती, आणि ती आमच्या ओटीवर भिंतीला टांगलेली असायची.

सासऱ्यांनी, म्हणजे बुधाजी पाटलांनी, ती कधीकाळी पनवेलच्या एका लिलावातून आणली होती. वेताची बैठक, सागवानी हात. तलाठी आला, फौजदार आला की ती दोन खुंट्यांवरून खाली उतरायची, पंच्याने पुसली जायची, आणि साहेब गेला की परत वर. घरातल्या कुणाचं बूड त्या वेताला कधी लागलं नव्हतं, खुद्द सासऱ्यांचंही नाही. देवाला निदान आम्ही नैवेद्याच्या वेळी हात लावायचो, खुर्चीला तेवढाही नाही.

सत्तावन्न सालची गोष्ट. माझी मालू तीन वर्षांची होती आणि मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सहावा लागला आणि ओटीपोटाखालचं हाड दुखू लागलं. दुखणं तरी कसं? दोन जांघांच्या मध्ये कुणी पहार घालून हाड उकलतंय असं. कूस बदलायची तर आधी दात आवळायचे, उंबरठा ओलांडायचा तर चौकट धरायची. सगळ्यात वाईट म्हणजे खाली बसणं आणि खालून उठणं. आणि बाईच्या जातीला दुसरं काम काय असतं? चुलीपाशी बस, ऊठ. जात्यापाशी बस, ऊठ. भांडी, सारवण, तांदूळ निवडणं, सगळं जमिनीवर.

"बसती-उठती राहा," सासूबाई म्हणायच्या. त्यांचं नाव गुणाबाई. मनाने वाईट नव्हत्या, पण ऐकलेलं सगळं खरं मानायच्या. "बसती-उठती बाई झटक्यात मोकली व्हते."

रंभा सुईण आली, चाचपून गेली. म्हणाली, "हाडं सैल झाली हायेत. बाल झालं का आपसूक बसतील."

"आन् तवर?" मी विचारलं.

"तवर सोसायचं."

माझं डोकंच फिरलं. हा एक शब्द बाईच्या पानात मिठाच्याही आधी वाढतात. मी नवऱ्याला म्हटलं, मला पनवेलला ने, नाहीतर मी चालत जाईन आणि वाटेत पडेन, मग गाव तुला विचारील. आनंदा भला माणूस, पण बापासमोर त्याचं भिजलेलं मांजर व्हायचं. तरी त्याने पेंढ्याच्या गाडीत मला घातलं आणि नेलं. वाटेतला एकेक खड्डा मला आजही ठाऊक आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मी खुर्चीवर बसले. आणि काय सांगू, दुखणं थांबलं! म्हणजे पुरतं नाही, पण दीड महिन्यात पहिल्यांदा मला पूर्ण श्वास घेता आला. मला रडूच आलं.

"असंच उंचावर बसायचं," बाई म्हणाल्या. "जमिनीवर बसणं बंद. उठताना, कुशीवर वळताना गुडघे जुळवून ठेवायचे. पायरी चढताना एकेक पाऊल. घरी खुर्ची आहे ना?"

"हाय," मी म्हटलं. "भिंतीवर."

त्यांना ते कळलं नाही.

घरी आल्यावर मी आधी सरळ मार्ग धरून पाहिला. भाताच्या गोणीवर बसले, तर ती खचली. उखळीवर बसले, तर सासूबाई किंचाळल्या, उखळीवर कुणी बसतं का! बाज सासऱ्यांची, तिच्यावर सुनेने बसायची सोय नव्हती. आनंदा म्हणाला, "बाबांना इचारतो." आठ दिवस तो विचारतच होता, मनातल्या मनात.

नवव्या दिवशी ओटीवर कुणी नाही असं पाहून मी आंबे काढायची आकडी घेतली, खुर्चीच्या हातात अडकवली आणि ओढली. खुर्ची धाडकन खाली आली. एका पायाचा टवका उडाला. उचलून आत नेणं माझ्याच्याने होईना, म्हणून पडली तिथेच, भर ओटीवर, सरळ केली आणि बसले. पदर घेतला, तांदळाचं सूप मांडीवर घेतलं आणि निवडायला लागले.

सासूबाई बाहेर आल्या. आधी त्यांनी टवक्याला हात लावून नमस्कार केला, मग माझ्याकडे पाहिलं. "अगो, उतर! वर बसलेल्या बाईचं पोर खाली उतरत नाय."

"न उतरून जाईल कुठं?" मी म्हटलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवं काम सुरू झालं. संध्याकाळी सासरे खुर्ची खुंट्यांवर चढवायचे, सकाळी ते शेतावर गेले की मी आकडीने खाली ओढायची. ते माझ्याशी बोलेनासे झाले. गावातल्या बाया पाण्याला जाताना वाट वाकडी करून बघायला यायच्या. कुणी म्हणे मामलेदारीण झाली, कुणी म्हणे कलेक्टरीण. मी म्हणायची, या, तुम्हीही बसा. एकीचीही छाती झाली नाही.

पंधरा दिवस असे गेले. मग खाडीचा बांध फुटला. खारं पाणी आमच्या आणि शेजारच्या शेतांत शिरलं. सासऱ्यांनी कचेरीत अर्जावर अर्ज केले, तेव्हा कुठे बांध बघायला साहेब येणार असं ठरलं. त्या सकाळी सासरे शेतावर गेले नाहीत. पण ते बांधाकडे साहेबाला आणायला निघायच्या आधी मी खुर्ची खाली घेतली होती.

"आज नाय," ते म्हणाले. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. "आज खुर्ची साहेबाची. त्याचं मन फिरलं त बांध कोन घालील, तुजा बापूस?"

"साहेब बांधावर खुर्ची घेऊन जानार हाय काय, बाबा?"

ते दात खात गेले. भीती वाटली नाही म्हणेन तर ती थाप होईल. शेतं माझ्याही पोराबाळांची होती. पण मला कळत होतं की आज उठले, तर जन्मभर उठतच राहीन.

दुपारी ते साहेबाला घेऊन आले. पांढरी पाटलोण गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, चेहरा उन्हाने लाल. तो ओटीवर चढला आणि थबकला. मी पदर सारखा केला. उठले नाही.

"ऊठ," सासरे म्हणाले.

"नाय उठनार. साहेब, माफी करा. माजी हाडं सुटली हायेत. खाली बसली त उठाया दोन मानसं लागतात."

"असू द्या, असू द्या," साहेब म्हणाला, पण त्याचे डोळे खुर्चीवरच होते.

सासऱ्यांनी आतल्या दाराकडे बघून आवाज टाकला, "उठव गो तिला!"

सासूबाई आल्या. माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, पांढऱ्या पडलेल्या माझ्या बोटांकडे पाहिलं. मग वळल्या, आतून घोंगडी आणली, साहेबापुढे अंथरली आणि म्हणाल्या, "बसा, साहेब. खुर्ची मोकली नाय."

साहेब बसला. बसताना त्याचे गुडघे कटकन वाजले. त्याने चहा घेतला, कागद मांडीवर ठेवून काय ते लिहिलं, आणि उठायची वेळ आली तेव्हा बिचाऱ्याला उठवेना. शेवटी माझ्याच खुर्चीचा हात धरून उठला. मी त्याला म्हटलं, "गुडगे जुलवून उठा, साहेब, बरं पडतं."

बांध दिवाळीनंतर झाला. त्यात खुर्चीचा ना गुण, ना दोष. तोवर माझा काशिराम रांगायला लागला होता.

पण ते पुढचं. त्या दुपारी साहेब वळणाआड गेला तसे सासरे पंचा झटकत माझ्यासमोर आले. "झाली हौस? आता ऊठ. खुर्ची जागेवर जाऊ दे."

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण ते थांबले. "आनंदाच्या वेलेला माजी हीच हाडं सुटली व्हती. चार म्हयने मी ह्या ओटीवरून मोरीवर रांगत गेली. ही खुर्ची तवा नवीन व्हती. रोज खालून बगायची मी तिला. मना वाटायचं, बायकांना खुर्ची सोसत नसंल."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "दमयंते, जरा उठतंस?"

साहेबासाठी मी उठले नव्हते. तिच्यासाठी उठले. गुडघे जुळवले, खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि खांब धरून उभी राहिले.

ती आधी कडेवर टेकली, तापल्या तव्यावर टेकावं तशी. मग मागे सरकली. तिचे पाय जमिनीला पुरेनात. तिने खुर्चीच्या हातांवर हात ठेवले, वर रिकाम्या खुंट्यांकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"एवडंच व्हय?" ती म्हणाली. "एवड्यासाटी मी रांगली?"

सासरे पंचा हातात घेऊन उभेच होते. तिने बोटाने त्यांना घोंगडी दाखवली.