दोघांत एक कुलूप

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. पण माझ्या आड ना तिजोरी आहे, ना कोठार, ना दागिन्यांची पेटी. साबणाच्या कारखान्यात एका भिंतीवर राखाडी रंगाची पेटी आहे आणि त्या पेटीला एक दांडा आहे. दांडा वर ढकलला की यंत्राला वीज मिळते, खाली ओढला की वीज तुटते. कोणी यंत्रात उतरून काम करत असेल, तेव्हा तो दांडा खालीच राहावा म्हणून त्याच्या कडीत मला अडकवतात. माझ्याबरोबर घडलेली भावंडे घरांच्या दारांना लागली. त्यांची गाठ चोरांशी पडते, माझी घाईत असलेल्या माणसांशी. मला विचाराल तर चोर परवडले. आपण चुकीचे वागतोय, हे चोराला निदान ठाऊक असते.

माझे अंग पितळेचे, कडी पोलादाची. घडवणाऱ्याने माझ्या पोटात बारीक स्प्रिंगा बसवल्या आणि मला एकच किल्ली दिली. भावंडांना दोन-दोन मिळालेल्या पाहून मी मनात खट्टू झालो होतो. ती एकच किल्ली हाच माझा मोठेपणा आहे, हे पुष्कळ उशिरा कळले. ज्याने मला लावले त्यानेच मला काढायचे. दुसऱ्या कोणाला ते जमूच नये, अशी ती योजना होती.

पण योजना कागदावर राहिली आणि मी खणात. त्या काळी कारखान्यात यंत्र अडले की जो तो धावत सुटे. एकजण दांडा खाली ओढी, दुसऱ्याला म्हणे, "जरा लक्ष ठेव रे," आणि यंत्रात हात घाली. लक्ष ठेवणाऱ्याला कोणी हाक मारली की लक्षही त्याच्याबरोबर निघून जाई. मी मात्र गंजक्या खिळ्यांच्या आणि तुटक्या बटणांच्या संगतीत पडून होतो. साबणाच्या कारखान्यात राहून इतके कळकट व्हायला नशीब लागते.

मग नवा फिटर आला. त्याने खण उपसला, मला रॉकेलने धुतले, पोटात तेलाचे थेंब सोडले आणि अंगावर लाल रंग चढवला. हा माणूस बोलायला कमी आणि ऐकायला फार. लांब दांडीचा स्क्रू-ड्रायव्हर यंत्राला टेकवायचा, मूठ कानाशी धरायची आणि डॉक्टरने छाती तपासावी तसे बेअरिंग तपासायचे. यंत्र आपणहून थांबण्याआधी आपण त्याला थांबवावे, असे त्याचे मत होते. सगळ्यात मोठ्या मिक्सरला कामगार आत्याबाई म्हणत, कारण दिवसभर त्याची कुरकुर चाले. फिटर दर आठवड्याला आत्याबाईंना विश्रांती देई, सांधे पुसून वंगण भरी, सैल बोल्ट आवळी. मुकादमाला हे खपत नसे. फिटर यंत्र दुरुस्त करतो की अंगाई म्हणून झोपवतो, असे तो येता-जाता विचारी. पुढे आत्याबाई ऐन गर्दीच्या वेळी बंद पडेनाशा झाल्या, तेव्हा मुकादमाने कौतुक काही केले नाही; टोमणे मात्र थांबवले. हिशेबी माणसाकडून एवढे आले की ते जमेलाच धरावे.

त्या दिवसांत मी सुखात होतो. मी कडीत आणि माझी किल्ली फिटरच्या खिशात. पाहुणे आले की साहेब मला बोटाने दाखवत. कौतुक कोणाला आवडत नाही?

आता फिटरच्या साडूची गोष्ट सांगायला हवी. हा साडू त्याच कारखान्यात वेल्डर होता. फिटरची बायको थोरली बहीण, वेल्डरची बायको धाकटी. वेल्डर हाताचा सफाईदार, तोंडाचा गोड आणि मानापमानाच्या बाबतीत हळवा. नियम असा होता की यंत्रात दोघे उतरणार असतील तर कडीत दोघांची कुलपे हवीत. स्टोअरवाल्याने त्यालाही एक कुलूप देऊ केले होते. वेल्डरने ते घेतले नाही. फिटरला तो दादा म्हणे. दादांच्या कुलपाशेजारी आपले लावायचे, म्हणजे दादांवर विश्वास नाही असे चारचौघांत सांगण्यासारखेच, असे त्याचे म्हणणे. फिटरलाही आतून बरे वाटले. साडूने एवढा मान द्यावा, हे कोणाला नको असते? दोघांत मी एकटाच पुरू लागलो. आणि मित्रांनो, दोन जीव एका कडीला टांगलेत, हे माझ्याखेरीज कोणाच्या ध्यानात आले नाही.

एके दुपारी आत्याबाईंचे एक पाते तडकले. फिटरने दांडा ओढला, मला लावले आणि दोघे कामाला लागले. वेल्डरने पात्याचा सांधा जोडला, बाहेर येऊन केबल गुंडाळली, मुखवटा उचलून ठेवला. फिटरने बाहेरच्या बाजूचे बोल्ट आवळले आणि तो हात धुवायला गेला. तेवढ्यात वेल्डरला आठवले की सांध्यावर एक खडबडीत कड राहिली आहे, तिथे साबण अडकेल. काम चोख करणारा माणूस तो. कानस घेऊन पुन्हा आत उतरला. कोणाला सांगितले नाही. दादांचे कुलूप आहे, मग सांगायचे कशाला?

फिटर परतला. गुंडाळलेली केबल पाहिली, रिकामे स्टूल पाहिले. साडू चहाला गेला असणार, असे त्याने धरले. किल्ली माझ्या पोटात फिरली. मी उघडलो. दुसरे काय करणार? माझी किल्ली ज्याच्या हातात, त्याला नाही म्हणता येत नाही. त्याने मला खिशात टाकले, दांडा वर केला आणि मिक्सर चालवणाऱ्या ऑपरेटर बाईंना हात करून सांगितले की चालू करा.

ऑपरेटर बाई सावकाश माणूस. बटण दाबण्याआधी त्या मिक्सरच्या तोंडाशी वाकून एक हाक देत. बाई आत्याबाईंची ख्यालीखुशाली विचारतात, असे सगळे हसत. त्याही दिवशी त्या वाकल्या आणि नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "आहे का कोणी?"

आतून कानशीचा आवाज थांबला. "मी आहे की," वेल्डर म्हणाला. "का?"

बाई चालत भिंतीपाशी गेल्या आणि दांडा खाली ओढून तो धरून उभ्या राहिल्या. फिटर जागच्या जागी फरशीवर बसला. मी खिशात होतो.

दुसऱ्या दिवसापासून साडू-साडूंचे बोलणे तुटले. वेल्डरला वाटे, दादा आता आपल्याला टाळतात. फिटरला वाटे, कोणत्या तोंडाने बोलू? आत्याबाईंचे दुसरे पातेही बदलायचे होते. पुन्हा दोघांनाच आत उतरावे लागणार होते, आणि तो दिवस जवळ येत होता.

शेवटी फिटरने स्टोअरमधून एक नवे कुलूप मागून घेतले आणि साडूला बायकोसह जेवायला बोलावले. मी नेहमीप्रमाणे त्याच्या खिशात होतो, म्हणून सगळे ऐकता आले. ताटे मांडली गेली. मग फिटरने ते नवे कुलूप वेल्डरपुढे ठेवले. वेल्डरने ते बोटाने मागे सारले.

"दादा, हे लावलं तर सगळे म्हणतील, साडूंचं फाटलं."

"म्हणू देत," फिटर म्हणाला. "मी कुलूप काढलं तेव्हा तू बाहेर आहेस याची मला पक्की खात्री होती. पक्की, बरं का. माझी खात्री तुला वाचवायला पुरली नाही. पुढेही पुरणार नाही."

तरी वेल्डर कुलपाला हात लावेना. फिटरची बायको वाढत होती. वाढता वाढता ती म्हणाली, "तुम्हा दोघांना मी ताटं वेगवेगळी वाढते. तेव्हा नाही वाटत कुणाला, फाटलं म्हणून."

धाकटी बहीण आधी हसली. मग वेल्डर हसला, आणि हसता हसताच त्याने कुलूप उचलून खिशात घातले. त्याची एकुलती किल्ली बायकोला दाखवत म्हणाला, "ही मागायची नाही हं."

पाते बदलायच्या दिवशी आम्ही दोघे एकाच कडीत लटकलो. नवे कुलूप कोरे करकरीत, थोडे गर्विष्ठ. काम झाले. फिटर आधी बाहेर आला आणि त्याने मला काढले. मुकादम घाई करत होता, माल अडला होता. पण दांडा जागचा हलला नाही, कारण नवे कुलूप तिथेच होते. वेल्डर आत कड घासत होता. त्याने हवा तेवढा वेळ घेतला, मला वाटते जरा जास्तच. मग बाहेर येऊन, हात पुसून, सगळ्यांच्या देखत त्याने आपली किल्ली काढली. फिटर शेजारी उभा राहून ते पाहत होता. एवढ्या दिवसांत इतका निवांत चेहरा मी त्याचा पाहिला नव्हता.

आता त्या कडीला पाच-सहा जणांची कुलपे लागतात, आणि तिथे कोणाचा मान दुखावत नाही. माझा रंग उडालाय, पण फिटर अजून मला तेल देतो. यंत्राला वेळेवर वंगण आणि माणसाला आपापले कुलूप मिळाले की दोघेही पुष्कळ टिकतात.

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी यंत्रावर काम करत असेल, तर आज संध्याकाळी त्यांना एवढेच विचारा की दांड्याला कुलूप कोणाचे होते. "माझं होतं, ही बघ किल्ली," असे म्हणाले तर खुशाल जेवायला बसा. पण "अमक्याचं होतं की, आपलाच माणूस आहे," असे म्हणाले, तर ताट पुढे करण्याआधी त्यांना ही गोष्ट सांगा.